शोरूममधली घासाघीस: कोकणातल्या गाडीखरेदीची पार्श्वभूमी

हर्णै बंदरात संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूवरच लिलाव पुकारला जातो. तिथे सुरमईच्या भावावरून हुज्जत घालणारा माणूस, किंवा हापूसच्या पेटीमागे दलालाने किती कापले याचा पैसा न् पैसा हिशेब मागणारा बागायतदार, दहा लाखांच्या गाडीसाठी शोरूममध्ये बसला की एकदम मवाळ होतो. "काय ता फायनल सांगा" एवढंच विचारतो आणि सही करतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण भाव करायचं कसब या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्यांचं आहे. गाडीच्या बाबतीत ते गळून का पडतं, हे समजायला गाड्या आपल्याकडे कशा विकल्या गेल्या ते पाहावं लागतं.

परवाना राजच्या काळात गाडी विकावी लागतच नसे, ती मिळवावी लागे. हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसिडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, मुख्यतः एवढीच निवड. किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवी. 1969 साली तर किमतीही सरकारी आदेशाने बांधून दिल्या गेल्या आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, नाहीतर ज्याचा नंबर आधी लागलाय त्याला वर पैसे देऊन गाडी उचलायची. या वरच्या पैशाला लोक 'ऑन' म्हणत. स्कूटरचंही तेच. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र स्कूटर लवकर मिळे, त्यामुळे घरातलं कुणी आखातात नोकरीला असलं की रांग टळायची. खेड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यात तशी घरं पुष्कळ.

कोकणाला आणखी एक अडचण होती, ती म्हणजे विक्रेता जवळ नसण्याची. नवी गाडी घ्यायची तर मुंबई गाठा, नाहीतर आंबा किंवा गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर. मुंबईतल्या चाकरमान्याच्या ओळखीनं काम व्हायचं, आणि ओळखीनं मिळालेल्या वस्तूचा भाव कोण करणार? गावात पहिली गाडी यायची तीही बऱ्याचदा जुनी. पण जुन्या गाडीचा सौदा मात्र खरा सौदा असे. मेकॅनिकला बरोबर न्यायचं. तो चटई उचलून तळाचा पत्रा बघणार, खाऱ्या हवेनं कुठे खाल्लाय ते बोटानं दाबून पाहणार, मडगार्डवर लोहचुंबक फिरवणार. चुंबक चिकटला नाही की तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. मग तेवढे पैसे कमी. आपल्याकडची गाडीच्या व्यवहारातली हुशारी या जुन्या बाजारात घडली. नव्या गाडीपुढे ती कधी वापरायची वेळच आली नाही.

14 डिसेंबर 1983 रोजी पहिली मारुती 800 दिल्लीत ग्राहकाच्या हाती पडली. किंमत 48 हजारांच्या आसपास, बुकिंगला 10 हजार रुपये. गाडी बदलली, विकण्याची रीत मात्र तीच राहिली. पैसे आधी भरायचे, वाट पाहायची आणि रंग मिळेल तो घ्यायचा. गाडी मिळाली यातच धन्यता मानायची सवय इथे आणखी एका पिढीला लागली.

1993 साली मोटार उद्योगावरचा परवाना उठला. 1998 मध्ये सँट्रो, मॅटिझ आणि इंडिका आल्या, आणि प्रथमच विक्रेता गिऱ्हाइकाच्या मागे धावू लागला. त्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली होती. पुढे रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ इथे शोरूम उघडली. सवलत हा शब्द गाडीला चिकटला तो तेव्हापासून. तिचं वेळापत्रकही ठरून गेलं: महिनाअखेर, मार्चअखेर, आणि डिसेंबर, कारण वर्ष उलटलं की उभ्या गाडीची किंमत उतरते. गणपती, दसरा, पाडव्याला गर्दी असते, तेव्हा शोरूमला भाव सोडायची गरज कमी. पितृपक्षात शोरूम ओस पडतं. ज्याला मुहूर्ताचं बंधन नाही, त्यानं बोलणी तेव्हाच करावीत.

तरीही सेल्समन "साहेब, याच्या खाली जमत नाही" म्हणतो, तेव्हा तो दर वेळी खोटं बोलत असतो असं नाही. भारतीय स्पर्धा आयोगापुढे आलेलं एक प्रकरण कोकणातल्या प्रत्येक ग्राहकानं माहीत करून घ्यावं असं आहे. मारुती सुझुकीच्या 'वेस्ट-2' या विक्री विभागात, म्हणजे मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोवा इथे, कंपनीने ठरवलेल्या सवलतीपेक्षा जास्त सूट द्यायला डीलरना मनाई आहे, अशी निनावी ईमेल आयोगाकडे गेली. चौकशीत दिसलं की ग्राहक बनून जाणारी माणसं शोरूममध्ये पाठवली जात. जास्त सूट दिलेली आढळली की कंपनीकडून डीलरला दंड होई, आणि सेल्स एक्झिक्युटिव्ह, टीम लीडर, शोरूम मॅनेजर यांच्याही खिशाला तो बसे. 23 ऑगस्ट 2021 रोजी आयोगाने कंपनीला 200 कोटींचा दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केलं. ह्युंदाईलाही 2017 मध्ये अशाच कारणावरून 87 कोटींचा दंड झाला होता, तो अपिलात रद्द झाला. या निकालांचं पुढे काहीही होवो, समोर टाय बांधून बसलेला लांजा-संगमेश्वरकडचा मुलगा किती जागेत हलू शकतो, हे त्यातून कळतं. त्याच्यावर आवाज चढवून हाती काही लागत नाही.

गाडीच्या मूळ किमतीत डीलरला थोडकंच सुटतं, म्हणून कमाई सरकली ती कोटेशनच्या खालच्या ओळींत. विमा, कर्ज, ॲक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी, 'हँडलिंग'. सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा तेवढ्याच मुदतीचा घ्यायची गरज नाही, आणि तो शोरूमकडूनच घ्यावा असं तर कुठेच लिहिलेलं नाही. बाहेरून एक दर मागवला की शोरूमचा विमा तिथल्या तिथे काही हजारांनी उतरतो. कर्जात 'सात टक्के फ्लॅट', म्हणजे हप्ते फिटत गेले तरी पूर्ण मूळ रकमेवर व्याज, हे ऐकून हुरळून जाऊ नये. पाच वर्षांसाठी सहा लाख घेतले तर दोन लाख दहा हजार व्याज होतं, म्हणजे घटत्या शिलकीवर साडेबारा टक्क्यांच्या आसपास. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज देणाऱ्यानं सगळ्या खर्चासकट वार्षिक दर सांगणारा तक्ता द्यायचा असतो. तो मागायचा. दहा लाखांवरच्या गाडीवर कापला जाणारा एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आपल्या नावावर आगाऊ भरलेला आयकर, हा खर्च नव्हे, तो आयकर विवरणपत्रात परत मिळवता येतो. हे सांगायचं बहुतेक शोरूममध्ये राहून जातं. हँडलिंग हा तर करही नाही आणि आरटीओची फीसुद्धा नाही. त्या ओळीवर सरळ बोट ठेवून ती काढायला सांगावं.

बांदा-सावंतवाडीकडे पूर्वी म्हापसा-पणजीचा भाव काढून आणायची पद्धत होती. जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर गाडीवरचा कर दोन्हीकडे सारखा झाला. रोड टॅक्स मात्र गाडी जिथे नोंदवायची त्या राज्याचा, महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल कारला 11 टक्के. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि उपकरही गेला. ही कपात करातली आहे. शोरूमनं ती आपली सवलत म्हणून पुढे केली, तर तिच्याशिवाय वेगळं काय देताय ते विचारायला हवं.

आणि तरीही सगळ्यात जास्त पैसे जातात ते भिडेपायी. पहिला प्रश्न येतो, "तुमचो गाव खंयचो?" दोन मिनिटांत आत्याच्या सासरची ओळख निघते, चहा येतो, मग विम्याचा आकडा विचारणं जड जातं. भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. ओळख जरूर जपावी, चहाही प्यावा. पण प्रत्येक ओळ वेगळी मांडलेलं कोटेशन शिक्क्यासह मागावं, गाडीचा उत्पादन महिना त्यावर लिहून घ्यावा, आणि बुकिंगची रक्कम परत मिळण्याची अट पावतीवर आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एक गोष्ट आता आपल्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षणाचा 1986 चा कायदा जाऊन 2019 चा आला, आणि जुलै 2020 पासून तो लागू झाला. गाडी कोल्हापुरात घेतलेली असो की मुंबईत, तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. देवगड-मालवणच्या माणसाला त्यासाठी घाट चढावा लागत नाही.