लाइनीतली हवा कॅमेऱ्यापुढे

कृष्णेवरची मोटार सुरू झाली की दोन-तीन किलोमीटरवरच्या रानात पाइपाच्या तोंडातून आधी नुसता वारा सुटतो. मग पाणी गचके देत येतं, पुन्हा वारा, आणि बऱ्याच वेळानं एकसारखी धार लागते. "लाइनीत हवा हाय," असं सांगली भागात सहज म्हणतात. त्या हवेचं आत काय चाललंय ते मात्र दिसत नाही. म्हणून संशोधक प्रयोगशाळेत पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा पाइप बसवतात आणि त्यापुढे कॅमेरा लावतात.

उभ्या पाइपात हवा थोडी असेल तर बारीक बुडबुडे दिसतात. वाढली की ते एकमेकांत मिसळून जवळजवळ पाइपाएवढे रुंद, वरून गोलसर टोकाचे लांबट फुगे होतात. फुगा, पाणी, फुगा, पाणी अशी रांग लागते. हवा फारच झाली तर ती मधून धावते आणि पाणी भिंतीला धरून सरकतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो हा लांबट फुगा. २५ मिलिमीटर व्यासाचा, मीटरभर लांबीचा पारदर्शक पाइप घ्या, पाण्यानं भरा, थोडी हवा ठेवून दोन्ही तोंडं घट्ट बंद करा आणि उलटा करा. फुगा सेकंदाला सुमारे १७ सेंटिमीटर वेगानं वर चढेल. हवा दुप्पट ठेवलीत तर फुगा लांब होईल, पण वेग जवळपास तोच राहील! डेव्हिस आणि टेलर यांनी १९५० साली या फुग्यांचं गणित मांडलं. वेग ठरतो पाइपाच्या व्यासावर, आणि व्यास चौपट झाला तर वेग दुप्पट होतो.

मोबाइलवर हे मोजता येतं. सेकंदाला २४० चित्रं घेतली तर दोन चित्रांमध्ये फुगा जेमतेम ०.७ मिलिमीटर सरकतो. उजेड मात्र भरपूर हवा. १/३० सेकंद उघड्या राहिलेल्या कॅमेऱ्यात फुग्याचं टोक सहा मिलिमीटर फराटल्यासारखं उमटतं. म्हणून पाइपामागे पांढरा कागद आणि त्यामागे दिवा. गोल पाइप भिंगासारखा वागून आकार फसवा दाखवतो, त्यासाठी त्याच्याभोवती पाण्यानं भरलेली चौकोनी काचपेटी ठेवतात. पुढे संगणक फुगा नसलेल्या, पाण्यानं भरलेल्या पाइपाचं चित्र वजा करतो, उरतो तो फुगा. बुडबुडे दाट होऊन पाणी ताकासारखं पांढरं झालं की कॅमेरा हरतो. तिथे आरपार जाणाऱ्या गॅमा किरणांसारखे उपाय वापरावे लागतात.

आता तोच पाइप तिरका धरून पाहा. फुगा उभ्या पाइपातल्यापेक्षा जोरात पळतो. रानातली लाइन टेकाड ओलांडून उताराला लागते तिथे हेच घडतं. पाणी खाली ओढतं, हवा वर जाऊ पाहते. पाण्याचा वेग कमी पडला तर फुगा उतारावरच ठाण मांडतो, पाण्याची वाट अरुंद होते आणि टोकाची धार बारीक पडते. एअर व्हॉल्व्ह, म्हणजे हवा बाहेर सोडणारी झडप, टेकाडाच्या माथ्यावर बसवतात ती यासाठीच.