स्टार्च आणि सेल्युलोज: ग्लुकोज तेच, मग एक पचतं आणि दुसरं का नाही?

ज्वारीचं एक ताट डोळ्यासमोर आणा. वरचं कणीस आपण घेतो, त्याची भाकरी होते, आणि खाली उरतो तो कडबा गुरांपुढे जातो. मालदांडी ज्वारी शेतकऱ्याला आवडते ती या दोन्हीसाठी, दाणाही चांगला आणि कडबाही चांगला. आता बघा, दाण्यातला स्टार्च ग्लुकोजचा बनलेला आणि कडब्यातलं सेल्युलोज पण ग्लुकोजचंच, म्हणजे त्याच पानांनी त्याच उन्हात बनवलेली साखर एकीकडे भाकरी झाली आणि दुसरीकडे चारा. मग दुष्काळात माणूस कडबा खाऊन का जगू शकत नाही?

मी नववी ते अकरावीच्या मुलांना बायोलॉजी शिकवते आणि या दोन नावांचा घोळ दरवर्षी होतो. कुणी लिहितं की सेल्युलोजमध्ये साखर नसते म्हणून ते पचत नाही, कुणी लिहितं सेल्युलोज हे प्रोटीन आहे. आणि आपल्या लिपीत तर अजून एक भानगड आहे, सेल्युलोज आणि सेल्युलेज, अमायलोज आणि अमायलेज, फक्त एका मात्रेचा फरक! शेवटी ‘ओज’ आलं की ती साखर किंवा साखरेची साखळी, आणि ‘एज’ आलं की ती तोडणारं एन्झाइम. एवढं एक डोक्यात बसलं तरी पेपरातले बरेच मार्क वाचतात.

तर फरक नेमका कुठे आहे? दोघांचं सूत्र काढलं तर सारखंच येतं, ग्लुकोजचे शेकडो-हजारो रेणू एकमेकांना जोडलेले आणि प्रत्येक जोडाला पाण्याचा एक रेणू बाहेर पडलेला. फरक आहे तो जोडाच्या दिशेत. ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनवर जो ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतो तो खालच्या बाजूला असेल तर अल्फा, वरच्या बाजूला असेल तर बीटा. स्टार्चमध्ये अल्फा जोड, सेल्युलोजमध्ये बीटा जोड. बस, एवढंच! ऐकायला अगदी किरकोळ वाटतं म्हणून मुलं पाठ करतात आणि पुढे जातात, पण सगळी मजा इथेच आहे.

मैदानावर मुलांना हात धरून उभं करा. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला आणि प्रत्येकाने हात जरासे पुढे धरलेत, तर रांग आपोआप वळायला लागते, गोल होत जाते. आता एक सोडून एक मुलाला पाठमोरं उभं करा, एकाचा बाक इकडे तर दुसऱ्याचा तिकडे, वळण एकमेकांना कापतं आणि रांग सरळ राहते. स्टार्चमधल्या अमायलोजचं पहिल्या रांगेसारखं होतं, त्याची साखळी स्प्रिंगसारखी वळते, एका वेढ्यात साधारण ६ ग्लुकोज. सेल्युलोजमध्ये प्रत्येक दुसरा ग्लुकोज उलटा बसतो म्हणून साखळी सरळसोट, आणि सरळ साखळ्या शेजारी-शेजारी चिकटून बसू शकतात ना, त्यांच्यात हायड्रोजन बंध (ओएच गटांमधली हलकी ओढ) तयार होतात, साखळ्यांची जुडी बनते, जुड्यांचे तंतू बनतात. वनस्पतीची पेशीभित्तिका याच तंतूंवर उभी असते. कापसात ९० टक्क्यांच्या आसपास सेल्युलोज असतं, लाकडात साधारण ४० ते ५० टक्के.

स्टार्चचं काम वेगळं, तो साठा आहे. बटाट्याचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघितला की पेशींच्या आत स्टार्चचे दाणे भरून ठेवलेले दिसतात, अगदी कणगीत धान्य भरावं तसे, आणि आयोडिनचा थेंब टाकला की तेवढे दाणेच निळे-काळे होतात, भोवतीची भिंत होत नाही. कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड शाळेत सगळ्यांनीच केलेली असते. तिथे पण आपण आयोडिनच टाकतो, पण पेशी पिवळट-तपकिरी दिसतात, निळ्या नाही, कारण कांदा आपला साठा स्टार्चच्या रूपात ठेवत नाही. म्हणजे तेच आयोडिन, दोन स्लाइड, एकात भिंत आणि साठा दोन्ही दिसतात, दुसऱ्यात भिंत आहे पण स्टार्चचा साठा नाही. दोन्ही स्लाइड एकाच दिवशी शेजारी ठेवून दाखवल्या पाहिजेत असं मला फार वाटतं.

निळा रंग येतो तो पण त्या स्प्रिंगमुळेच. आयोडिन स्प्रिंगच्या पोकळीत जाऊन बसतं आणि मग रंग बदलतो. खळीच्या पातळ पाण्यात आयोडिन टाका, गडद निळं होईल, ते गरम करा, रंग उडतो, आणि थंड झालं की परत येतो, कारण उष्णतेने स्प्रिंग सैल होते आणि गार झाल्यावर पुन्हा जमते. सेल्युलोजला स्प्रिंगच नाही, मग आयोडिन बसणार कुठे?

पण इथे एक फसगत होते. मागच्या वर्षी एका मुलीने घरी वहीच्या कागदावर बेटाडिन (त्यात आयोडिनच असतं) पातळ करून टाकलं, कागद काळा-निळा झाला, आणि ती म्हणाली, ताई, कागद तर लाकडाचा ना, म्हणजे सेल्युलोज, मग निळा कसा झाला? पुस्तक चुकलंय. मला तिचा प्रश्न इतका आवडला! मी तिला म्हटलं, पुस्तक चुकलंय असं म्हणायच्या आधी कागदात दुसरं काय असू शकतं ते शोध. मग तिने मेडिकलमधून सर्जिकल कापूस आणला, तो म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, त्यावर टाकलं तर नुसताच पिवळट-तपकिरी डाग. भिजवलेल्या साबुदाण्यावर टाकलं तर गडद निळा. मग शाळेतून फिल्टर पेपर आणला, तो पण निळा झाला नाही. म्हणजे निळा रंग कागदाच्या सेल्युलोजचा नव्हताच, बऱ्याच कागदांना बनवताना स्टार्च लावतात, शाई फुटू नये म्हणून, तो त्याचा रंग होता. सायंटिफिक मेथड, कंट्रोल वगैरे शब्द ती नुसते पाठ करत होती, त्या दिवशी तिने ते करून बघितलं.

आता पचनाकडे येऊ. चपातीचा घास नुसता चावत राहा, मिनिटभरात गोडसर लागायला लागतो, लाळेतलं अमायलेज स्टार्चच्या साखळ्या तोडून त्याचा माल्टोज, म्हणजे दोन ग्लुकोजची साखर, करत असतं. एन्झाइम म्हणजे कुलपाची किल्ली असं आपण शिकवतोच, तर अमायलेजच्या खाचेत अल्फा जोड बसतो, बीटा बसत नाही. बीटा जोड तोडायला सेल्युलेज लागतं आणि आपल्या शरीरात ते बनत नाही. गाय तरी कुठे स्वतः बनवते! तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात जिवाणू आणि इतर सूक्ष्मजीव राहतात, ते सेल्युलोज फोडतात, त्यातून जी आम्लं तयार होतात त्यावर गाय जगते, आणि ती रवंथ करते ती चारा बारीक करून त्यांच्यापुढे पुन्हा ठेवायला. आपल्याही मोठ्या आतड्यातले जिवाणू थोडंफार फोडतात पण तेवढ्यावर माणूस जगत नाही. म्हणून भाजीतलं सेल्युलोज आपल्यासाठी फायबर, पोट साफ ठेवायला उपयोगी. आणि त्यात ऊर्जा नाही असं तर मुळीच नाही, चुलीतलं लाकूड भाकऱ्या भाजून देतं ती ऊर्जा त्याच ग्लुकोजच्या साखळ्यांतली पण आहे. ऊर्जा आहे, आपल्याकडे किल्ली नाही.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. १८३३ मध्ये आन्सेल्म पायेन या फ्रेंच केमिस्टने पेर्सो नावाच्या सहकाऱ्याबरोबर माल्टमधून (मोड आणलेल्या धान्यातून) स्टार्च तोडणारा पदार्थ वेगळा काढला, त्याचं नाव डायस्टेज, आणि एन्झाइमच्या नावाला पुढे जो ‘एज’ लागायला लागला तो यावरूनच. आणि १८३८ मध्ये वनस्पतींच्या भिंतीतलं सेल्युलोज वेगळं काढलं ते पण याच पायेनने. म्हणजे एकच माणूस दोन्ही बाजूंनी काम करत होता!

घरात ही दोन्ही एकत्र बघायची असतील तर सुती साडीला खळ घाला. साडी सेल्युलोज, खळ स्टार्च, दोन्हींवर भरपूर ओएच गट, म्हणून खळ कापडाला धरून बसते आणि साडी कडक होते. एखाद्या जुन्या सुती कापडाच्या अर्ध्या भागाला खळ लावून वाळवा आणि दोन्हीकडे पातळ आयोडिनचा एकेक थेंब टाका. खळीचा भाग निळा-काळा, बिनखळीचा तपकिरी. मग तेच कापड गरम पाण्यात नीट चोळून धुवा, वाळवा, पुन्हा थेंब टाका. खळ गेली की निळा रंग येत नाही, आणि कापड मात्र आहे तसंच हातात राहतं.