इसबावरचा ओट : वस्त्रगाळ पिठापासून औषधाच्या लेबलापर्यंत

इसब असलेल्या मुलांसाठी केमिस्टकडे जी लोशनं मिळतात, त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांवर हल्ली ओटच्या लोंब्यांचं चित्र असतं आणि खाली 'कोलॉइडल ओटमील' असे शब्द. जाहिरातीत या उपायाला चार हजार वर्षांची परंपरा जोडली जाते, इजिप्तचं नाव घेतलं जातं. त्याला आधार फार पातळ आहे. प्राचीन इजिप्तचं पोट बार्ली आणि एमर गव्हावर भरत होतं. ओट हे बराच काळ गहू-बार्लीच्या शेतात उगवणारं तण होतं आणि स्वतंत्र पीक म्हणून ते युरोपच्या थंड, ओलसर भागात पुष्कळ उशिरा रुजलं. पहिल्या शतकातल्या ग्रीक वैद्यकग्रंथात त्याच्या पिठाचं पोटीस येतं, पण बार्लीच्या पिठाच्या जोडीने. उत्तर युरोपात पुढे ते माणसांचं आणि घोड्यांचं रोजचं धान्य झालं आणि खाज सुटलेल्या अंगाला त्याची पेज लावणं किंवा पिठाची पुरचुंडी आंघोळीच्या पाण्यात पिळणं हा घरगुती उपाय ठरला. आज बाटलीत जे आहे त्याचा खरा इतिहास मात्र १९४५ पासून सुरू होतो.

ओटचं साधं पीठ पाण्यात टाकलं की जड कण तळाशी बसतात, उरलेल्याच्या गुठळ्या होतात आणि मोरीची जाळी तुंबते. अमेरिकेत दोन भावांनी मिनेसोटातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मदतीने ही अडचण दळणातून सोडवली. टरफल काढलेला अख्खा दाणा इतका बारीक दळायचा की पीठ पाण्यात तरंगत राहील; 'कोलॉइडल'चा अर्थ हाच. १९४५ मध्ये ते आंघोळीच्या पाण्यात घालायच्या पुडीच्या रूपात बाजारात आलं. या पिठाचं मोजमाप पुढे अमेरिकेच्या औषधप्रमाण ग्रंथात गेलं : १५० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण ३ टक्क्यांहून जास्त नकोत, ७५ मायक्रॉनपेक्षा मोठे २० टक्क्यांहून जास्त नकोत. आपल्याकडे ज्याला वस्त्रगाळ चूर्ण म्हणतात त्याच जातीचं हे काम. घरी मिक्सरमधून काढलेले साधे ओट चमचाभर घेऊन ग्लासभर पाण्यात ढवळले तर फरक लगेच कळतो. पाणी दुधाळ होऊन तसंच राहिलं, बोटांना बुळबुळीत लागलं, तर दळण जमलं. तळाशी थर बसला तर ती नुसती भरड आहे.

हा बुळबुळीतपणाच कामाचा. पिठातला बीटा-ग्लुकन हा तंतुमय घटक आणि स्टार्च पाणी धरून ठेवतात आणि त्वचेवर पातळ पापुद्रा सोडतात. सोबत थोडा स्निग्धांश असतो. कोरडी, भेगाळलेली त्वचा काही वेळ झाकली जाते, खाज उतरते. १९५० च्या दशकात अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी अशा आंघोळींवर बरेच निबंध लिहिले. रुग्णांना बरं वाटलं, मुलं रात्री झोपली, असे ते अनुभव होते. तुलनेसाठी दुसरा गट मात्र क्वचितच ठेवलेला असे.

त्याच काळात, १९५२ मध्ये, हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचं मलम इसबावर यशस्वीपणे वापरल्याचं प्रसिद्ध झालं आणि बाकी सगळं मागे पडलं. दोन दिवसांत लाली उतरवणाऱ्या मलमापुढे पिठाचं पाणी कोण विचारणार? पुढची वीस-पंचवीस वर्षं ओट आजीबाईच्या बटव्यात परतला. त्याला पुन्हा वर आणलं ते स्टिरॉइडच्या भीतीने. ती भीती पूर्ण खोटी नव्हती. जोरदार मलमं महिनोन्महिने लावली की त्वचा पातळ होते, चेहऱ्यावर पुरळ आणि लाल रेषा येतात. पण या भीतीच्या वाऱ्यावर 'नैसर्गिक' हा शब्द विकला जाऊ लागला, आणि सौम्य स्टिरॉइड थोडे दिवस, नीट मार्गदर्शनाखाली वापरून जी मुलं शांत झोपली असती त्यांनाही पालक फक्त ओटवर ठेवू लागले. या सगळ्या इतिहासातलं हे मला सर्वांत दुखणारं वळण वाटतं.

ओटला सरकारी शिक्का कसा मिळाला, ते थोडं सविस्तर पाहायला हवं, कारण आजचे बहुतेक दावे त्याच शिक्क्याच्या आधाराने केले जातात. अमेरिकेच्या औषध नियामकाने १९७२ मध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या सगळ्या औषधांची झाडाझडती सुरू केली. प्रत्येक औषधासाठी वेगळी परवानगी देण्याऐवजी घटकांच्या याद्या करायच्या : कोणता घटक, किती प्रमाणात, लेबलवर कोणता दावा. त्वचारक्षक घटकांवरचा तज्ज्ञ समितीचा अहवाल १९७८ मध्ये आला, तात्पुरती यादी १९८३ मध्ये. कोलॉइडल ओटमीलचा प्रस्ताव १९८९ च्या दुरुस्तीत आला आणि अंतिम नियम व्हायला ४ जून २००३ उजाडलं. मधली वर्षं पॉयझन आयव्हीसारख्या विषारी वेलींच्या चट्ट्यांवर आणि कीटकदंशावर कोणते घटक चालतील, यावर खर्ची पडली. त्या वेली आपल्याकडच्या बिब्ब्याच्याच कुळातल्या. बिब्बा उतल्यावर अंग कसं फुलतं हे ज्याने पाहिलंय त्याला हा घोळ सहज समजेल.

अंतिम नियमाने ओटला 'त्वचारक्षक' गटात ठेवलं. दावा इतकाच करायचा : पुरळ, इसब, विषारी वेली किंवा कीटकदंश यांमुळे होणारी किरकोळ जळजळ आणि खाज तात्पुरती कमी करतो, त्वचेचं तात्पुरतं रक्षण करतो. 'तात्पुरतं' आणि 'किरकोळ' हे दोन शब्द त्या नियमाचा गाभा आहेत. इसब बरं करतो, पुन्हा येऊ देत नाही, सूज आणणारी प्रक्रिया थांबवतो, यातलं काहीही नियमात नाही. बाटलीच्या पुढच्या बाजूला 'इसबासाठी' हे अक्षर मोठं छापलं जातं आणि 'तात्पुरतं' मागच्या बारीक टायपात जातं. माझ्या मते नियामकाने गट अचूक निवडला, पण अक्षरांचा आकार बाजारावर सोडला.

किमान प्रमाणाची गोष्ट याहून विलक्षण. आंघोळीच्या पाण्यात ओट ०.००७ टक्के असला तरी पुरतो. खनिज तेलासोबत असेल तर ०.००३ टक्केही चालतो. १५० लिटरच्या टबमध्ये हे साडेदहा ग्रॅम होतं. आपल्या २० लिटरच्या बादलीत १.४ ग्रॅम, म्हणजे चमचाभरही नाही. पण बादलीचा हिशेब करून उपयोग नाही, कारण त्याच नियमात १५ ते ३० मिनिटं पाण्यात बसून राहायला सांगितलंय. तांब्याने अंगावर ओतलेलं पाणी काही सेकंदांत मोरीत जातं. बादली-तांब्याच्या घरात या नियमाचा दुसरा भाग जास्त उपयोगी : स्वच्छ मऊ कापड त्या पाण्यात भिजवून चट्ट्यावर १५ ते ३० मिनिटं सैल ठेवायचं, उरलेलं पाणी फेकून द्यायचं. लोशनं विकणाऱ्या कुणाच्याही जाहिरातीत हा ओल्या फडक्याचा उपाय मी पाहिलेला नाही. आणि टबमध्ये बसवलंच तर खाली चटई हवी. ओटच्या पाण्याने टब इतका निसरडा होतो की घसरण्याची सूचना नियमातच लिहिलेली आहे.

युरोपने वेगळी वाट धरली. तिथल्या औषध संस्थेने २००८ मध्ये ओटला त्वचेच्या किरकोळ दाहावरचं 'पारंपरिक' वनौषधी म्हणून मान्यता दिली. या वर्गासाठी किमान ३० वर्षांचा वापर दाखवावा लागतो, त्यातली १५ वर्षं युरोपातली. प्रयोगाने सिद्ध केलेला गुण लागत नाही. म्हणजे एकच पीठ अटलांटिकच्या एका काठावर यादीतलं औषध आणि दुसऱ्या काठावर परंपरेचा मान. भारतात ते बहुतेक वेळा सौंदर्यप्रसाधन म्हणून येतं, आणि प्रसाधनाला 'इसबावर' असं म्हणायची मुभा नसल्याने 'कोरड्या, संवेदनशील त्वचेसाठी' अशी भाषा वापरली जाते. पालक त्याचा अर्थ इसब असाच घेतात.

दोन्ही काठांवरच्या वर्गीकरणात एक प्रश्न मागेच राहिला : प्रथिनांचा. कोलॉइडल ओटमील अख्ख्या दाण्याचं असल्याने त्यात सुमारे १५ ते २० टक्के प्रथिनं असतात, आणि इसबाची त्वचा फुटकी असते. ती फुटकी का, याचं मोठं उत्तर २००६ मध्ये स्कॉटलंडमधून आलं : फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकातला दोष. असा दोष युरोपीय वंशाच्या सुमारे दहापैकी एका माणसात सापडतो. बांध फुटला की बाहेरचे पदार्थ आत शिरतात, आणि शरीर त्यांना अन्न म्हणून ओळखण्याआधी शत्रू म्हणून ओळखतं. २००३ मध्येच ब्रिटनमधल्या एका अभ्यासाने सुजलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेल असलेली मलमं लावलेल्या बाळांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त असल्याचं दाखवलं होतं. जपानमध्ये गव्हाचं विघटित प्रथिन घातलेल्या चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली आणि तो साबण २०११ मध्ये परत घेतला गेला.

ओटच्या बाबतीत हाच प्रश्न फ्रान्समध्ये २००७ मध्ये विचारला गेला. इसब असलेल्या ३०२ मुलांच्या चाचण्या झाल्या. त्वचेला टोचून केलेल्या चाचणीत १९.२ टक्के मुलांनी ओटला प्रतिसाद दिला, पट्टी लावून केलेल्या चाचणीत १४.६ टक्के. पट्टीची चाचणी ओटची क्रीम वापरलेल्या मुलांपैकी ३२ टक्क्यांत सकारात्मक आली, न वापरलेल्यांत एकाचीही नाही. ही मुलं ॲलर्जीच्या तपासणीसाठीच पाठवलेली होती, म्हणून हा आकडा सगळ्या मुलांना लावता येत नाही; चाचणी सकारात्मक म्हणजे आजार असंही नाही. उत्पादकांच्या बाजूने आलेल्या नंतरच्या अभ्यासांत असा त्रास विरळ निघाला. तरीही काही युरोपीय कंपन्यांनी लोंबी धरण्याआधीच्या कोवळ्या रोपाचा, प्रथिनं काढून टाकलेला अर्क वापरायला सुरुवात केली. अमेरिकी पद्धत अख्ख्या दाण्यावर ठाम राहिली. लेबलवर दोन्हींना 'ओट'च म्हणतात, आणि तान्ह्या बाळाच्या आईला हा फरक सांगणारं काउंटरवर कुणी नसतं.

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक खास बाजू आहे. उष्टावणानंतर आपल्याकडे बाळाच्या ताटात तांदळाची पेज, मुगाची डाळ, नाचणीचं सत्त्व येतं. ओट बऱ्याच घरांत बाळाच्या पोटात जाण्याआधी अंगाला लागतो. तसंच डाळीचं पीठ आणि दूध चोळून आंघोळ घालायची पद्धत. इसबाच्या त्वचेवर ते चोळणं घर्षणानेच आग पेटवतं, आणि वर फुटक्या त्वचेला अन्नाची प्रथिनंही लागतात. 'नैसर्गिक आहे' म्हणून त्यातलं काहीच आपोआप निर्धोक ठरत नाही.

ओटच्या बाजूचा पुरावाही याच वर्षांत वाढला. २००८ मध्ये ओटमधल्या ॲव्हेनँथ्रामाइड या फिनॉलिक संयुगांनी अत्यल्प मात्रेत प्रयोगशाळेतल्या त्वचापेशींमधली दाहाची साखळी मंदावल्याचं प्रसिद्ध झालं, आणि 'नुसता पापुद्रा' या समजुतीच्या पलीकडे जाता आलं. २०१७ मध्ये मॉइश्चरायझरवरच्या ७७ अभ्यासांचा, ६,६०३ रुग्णांचा एकत्र आढावा निघाला. त्यात ओटच्या क्रीमवरचे जे थोडे अभ्यास होते त्यांत इसब उफाळून येण्याचे प्रसंग कमी झाले, स्टिरॉइड कमी लागलं. मात्र रुग्णांच्या स्वतःच्या मते त्रासात ठळक फरक पडला नाही आणि लहानसहान दुष्परिणाम जास्त नोंदले गेले.

२०१८ मध्ये दोन गोष्टी घडल्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ते ११ वर्षांच्या ४८३ मुलांवरच्या चाचणीत आंघोळीच्या पाण्यात घालायच्या स्निग्ध द्रव्यांचा वर्षभर वापर करूनही ठोस फायदा दिसला नाही. दोन्ही गटांतल्या मुलांचं अंगाला लावून ठेवायचं मॉइश्चरायझर चालूच होतं, म्हणजे प्रश्न फक्त पाण्यात घालायच्या द्रव्याचा होता. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा आंघोळ करणाऱ्या मुलांत किंचित फायदा असावा असं दिसलं. रोज आंघोळ घालणाऱ्या आपल्या घरांसाठी ही तळटीप महत्त्वाची, पण तिच्यावर मजला चढवण्याएवढी भक्कम नाही.

भारतात त्याच वर्षी केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आणली. त्याआधी गजकर्ण काय आणि इसब काय, काउंटरवरून स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांचं एकत्र मिश्रण असलेली एकच ट्यूब हातात पडायची. गजकर्णावर ती लावून लावून औषधाला दाद न देणारी बुरशी देशभर फोफावली, त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं ओरड केली, तेव्हा हा निर्णय आला. काउंटरवर मोकळी झालेली जागा चिठ्ठी न लागणाऱ्या लोशनांनी भरली, आणि ओट त्यात पुढे होता. चट्ट्यातून पाणी येत असेल, पिवळी खपली धरली असेल किंवा मूल तापलेलं असेल, तर ते लोशन बाजूला ठेवून डॉक्टरकडेच जावं लागतं; तो टप्पा २००३ च्या 'किरकोळ' या शब्दाच्या बाहेरचा आहे.