होडीने झऱ्यावर जाताना

निघण्याआधी नदीची पातळी पाहा. जोराच्या पावसानंतर नदी चढली की तिचं गढूळ पाणी झऱ्याच्या डोहात शिरतं. काही ठिकाणी तर प्रवाह उलटतो आणि नदीचं पाणीच झऱ्याच्या मुखातून जमिनीत जाऊ लागतं. अशा वेळी तळ दिसत नाही. पाणी उतरून निवळेपर्यंत थांबावं.

इंधनाचा हिशेब प्रवाह धरून करा. होडीचा वेग ताशी 8 किलोमीटर आणि प्रवाहाचा 3 असेल, तर 10 किलोमीटर खाली जायला 55 मिनिटं लागतात, वर यायला मात्र दोन तास. म्हणून झरा खालच्या अंगाला असल्यास जाताना टाकीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त इंधन लागता कामा नये. तरच परत आल्यावर एक तृतीयांश राखीव उरतं.

गढूळ नदीत नितळ पाण्याचा पट्टा दिसला की झऱ्याचा ओहोळ आला. वेग अगदी कमी करा. पाणी मांडीएवढं झालं की मोटर बंद करून वर उचला आणि वल्ही घ्या. एवढ्याशा पाण्यात फिरणारा पंखा तळाचं गवत मुळासकट उपटतो, ते पुन्हा रुजायला फार काळ लागतो. शिवाय उडालेली वाळू मोटरमध्ये ओढली जाते, थंडाव्याची वाट तुंबते आणि मोटर तापते. मोटरमधून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार थांबली, तर लगेच बंद करा. पंख्यात गवत अडकलं तर मोटर बंद करून सुरक्षा-दोरीची क्लिप (ती निघाली की मोटर चालू होत नाही) काढा, मगच हात घाला.

नांगर मोकळ्या वाळूतच टाका, मुखापासून दूर. गवतात तो नीट धरत नाही, खडकाच्या भेगेत अडकला तर सुटत नाही. वरून 3 मीटर वाटणारं पाणी प्रत्यक्षात 4 मीटर असतं, त्यामुळे दोर हमखास कमी सोडला जातो. खोलीच्या किमान पाचपट, म्हणजे इथे 20 मीटर सोडा. पोहता न येणाऱ्यांनी लाइफ जॅकेट काढू नये.

झऱ्याच्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही. फ्लोरिडातल्या बऱ्याच झऱ्यांचं सुमारे 22 अंश असतं. सुखद वाटलं तरी ते अंगातली ऊब काढून घेतं. हुडहुडी भरली की बाहेर या, मुलांना तर त्याआधीच काढा.

हे पाणी पिऊ नका. चुनखडीच्या रुंद भेगांतून ते वेगाने येतं, वाटेत गाळलं जात नाही आणि जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. प्यायचं पाणी होडीत सोबत ठेवा.