समुद्राकडे चालत जाताना दिसतं ते रेडवूड, सिकोया नाही

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या आमच्या मराठी ग्रुपवर दर उन्हाळ्यात कोणीतरी सांताक्रूझच्या डोंगरातला फोटो टाकतं आणि खाली लिहितं 'जायंट सिकोया'. अहो, तिथल्या जंगलात सिकोया नाहीच! स्कायलाइन टू द सी ट्रेल म्हणजे कॅसल रॉक पार्कहून बिग बेसिन पार्कमधून वॅडेल बीचपर्यंत साधारण 30 मैल, तंबू पाठीवर घेऊन दोन-तीन दिवस, आणि वाटेत दिसतात ती कोस्ट रेडवूड. सिकोया बघायचं तर समुद्राकडे पाठ करून सिएरा नेवाडाच्या डोंगररांगेत 5-7 हजार फुटांवर चढायचं. घोळ नावातच आहे म्हणा, रेडवूडचं शास्त्रीय नाव सिकोया सेम्परव्हिरेन्स, आणि आपण ज्याला सिकोया म्हणतो ते सिकोयाडेन्ड्रॉन.

रेडवूड उंच, हायपेरियन नावाचं झाड तर जवळपास 116 मीटर. सिकोया जाड, जनरल शर्मन नावाचं झाड 84 मीटरच पण बुंधा तळाशी 11 मीटर रुंद. पण खाली उभं राहून हे काही कळत नाही, नुसती मान दुखते, त्यापेक्षा खाली पडलेला कोन (बिया असलेलं शंकूसारखं बोंड) उचला. रेडवूडचा जांभळाएवढा, सिकोयाचा कोंबडीच्या अंड्याएवढा. झालं काम.

2019 च्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं बिग बेसिनमध्ये झोपलेलो, रात्री तंबूवर टपटप सुरू झालं, मी पाऊस समजून धडपडत बाहेरचे बूट आत घेतले आणि सकाळी बघतो तर मोकळ्या रस्त्यावर धूळ कोरडी ठणठणीत, ओलं फक्त झाडांखाली! समुद्रावरचं धुकं पानांवर जमतं आणि पागोळ्यांसारखं गळतं. उन्हाळ्यात इथे पाऊस जवळजवळ नसतोच, तेव्हा रेडवूडला या पाण्याचा मोठा आधार, म्हणून ते किनारा सोडत नाही. सिकोयाची भिस्त डोंगरावरच्या बर्फावर.

खरा फरक मात्र आगीने दाखवला. ऑगस्ट 2020 मध्ये बिग बेसिनचा 97 टक्के भाग जळाला. 2022 ला पार्क थोडं उघडल्यावर गेलो तर बुंधे काळे ठिक्कर आणि त्यांच्यावर खालपासून वरपर्यंत हिरवे झुबके, बाटली धुवायच्या ब्रशसारखे. मुळापाशीही कोंब, केळीला पिल्लं फुटतात ना तसे. मोठं सिकोया असं फुटत नाही. त्याची साल दोन फुटांपर्यंत जाड, त्यामुळे साधी आग ते सहज झेलतं, उलट त्या झळीनेच कोन उघडून बी पडतं, पण आग शेंड्याला पोचली की संपलं. त्याच ऑगस्टमध्ये सिएरात कॅसल फायर नावाची आग लागली (कॅसल रॉकशी संबंध नाही), तिच्यात हजारो मोठी सिकोया गेली.

आई फोनवर विचारते, बुंध्यातून गाडी जाते ते झाड कुठलं? योसेमिटीतलं वावोना टनेल ट्री सिकोया होतं, ते 1969 ला पडलं. लेगेटचं शँडेलिअर ट्री, ज्यातून गाडी जाते, ते रेडवूड.

आणि हो, आगीनंतर या ट्रेलचे काही भाग बंद ठेवले होते, तेव्हा परमिट काढायच्या आधी स्टेट पार्कच्या साइटवर कुठला कॅम्प उघडाय ते बघा.