पेलेचे १२८३ गोल: हिशेब नेमका कसला?

ब्राझीलचा फुटबॉलपटू पेलेने १३६३ सामन्यांत १२८३ गोल केले, हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. आकडा थापेचा नाही. पण ते सगळे गोल स्पर्धांमधले, हा समज चुकीचा. त्यात त्याच्या सान्तोस क्लबच्या परदेश दौऱ्यांतले मैत्रीपूर्ण सामने धरलेत. इतकंच काय, लष्करी सेवेत असताना सैन्याच्या संघाकडून मारलेले गोलही! निव्वळ स्पर्धांतले गोल साधारण साडेसातशे. १९ नोव्हेंबर १९६९ रोजी रिओच्या माराकाना स्टेडियमवर वास्को द गामा क्लबविरुद्ध पेनल्टीवर झालेला ‘हजारावा’ गोलही याच ऐसपैस हिशेबातला. गोलरक्षक आंद्रादा बरोबर बाजूला झेपावला, तरी चेंडू आत गेलाच. बिचाऱ्याने जमिनीवर मुठी आपटल्या. अर्थात मैत्रीपूर्ण सामने म्हणजे लुटुपुटूचे नव्हेत. समोर कधी रेआल माद्रिदसारखा बलाढ्य युरोपीय क्लब असायचा, कधी इंटर मिलान.