तिकीट हातात, जागा अजून नाही: निवृत्त विमान कर्मचाऱ्यांसाठी माहितीपत्रक

विमान कर्मचाऱ्यांना मिळणारे सवलतीचे तिकीट काढले म्हणजे जागा मिळाली असे नसते, विमानात जागा उरली तरच ती मिळते, हे आमच्या ग्राहकांना शिकवायची गरज नाही. त्यांची उमेदीची वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला गेलेली असतात. तरीही निवृत्तीनंतरच्या पहिल्या दोन-तीन प्रवासांत फजिती होते ती त्यांचीच. नोकरीत असताना लोड, म्हणजे विमान किती भरले आहे ते, कळायला एक फोन पुरायचा आणि कुठे अडकलो तर ओळखीचे कोणीतरी ड्युटीवर सापडायचे. निवृत्तीनंतर हाती राहतात ते पोर्टल, पासवर्ड आणि नियम. हे पत्रक या तिन्हींबद्दल आहे, आणि आम्ही दरमहा पाठवतो त्या बातमीपत्रात काय असते त्याबद्दलही.

निवृत्तीच्या तारखेआधी

सर्वांत जास्त अडचणी एका क्षुल्लक गोष्टीतून येतात. स्टाफ ट्रॅव्हल पोर्टलचे खाते कंपनीच्या ईमेलशी जोडलेले असते आणि निवृत्तीच्या दिवशी तो ईमेल बंद होतो. पासवर्ड विसरला की नवा पासवर्ड त्याच बंद पत्त्यावर जातो. म्हणून शेवटच्या महिन्यात स्वतःचा खासगी ईमेल आणि मोबाइल नंबर नोंदवून घ्या, आणि एकदा बाहेर पडून पुन्हा लॉग-इन होते का ते पाहा. कर्मचारी क्रमांक, रुजू झाल्याची तारीख, निवृत्तीचे पत्र आणि प्रवाससवलतीच्या नियमांची त्या दिवशीची प्रत घरी ठेवा. नावाचे स्पेलिंग कंपनीच्या नोंदीत आणि पासपोर्टवर एकच हवे. आडनाव आणि मधले नाव यांची अदलाबदल हा नेहमीचा घोळ आहे, आणि तो काउंटरवर सुटत नाही.

पेन्शन आणि प्रवाससवलत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात असू द्या. पेन्शनला बहुतेक ठिकाणी कायद्याचा आधार असतो. सवलत ही कंपनीची मर्जी असते आणि ती बदलू शकते. कंपनी विकली गेली, दुसरीत विलीन झाली किंवा बंद पडली, की इतर कंपन्यांशी असलेले तिचे करार नव्याने करावे लागतात किंवा संपतात. अलिटालियाचे शेवटचे उड्डाण १४ ऑक्टोबर २०२१ ला झाले आणि दुसऱ्या दिवसापासून नवी कंपनी उडू लागली. अशा वेळी जुन्या ओळखपत्रावर काय चालेल हे नव्या कंपनीच्या लेखी उत्तरावरून ठरवायचे, जुन्या सवयीवरून नाही.

आयडी, झेड आणि लिस्टिंग

आयडी आणि झेड हे सवलतीच्या तिकिटांचे दोन प्रकार. आयडी तिकिटावरचा आकडा म्हणजे सवलतीचा टक्का. आयडी ९० म्हणजे भाड्यात नव्वद टक्के सूट. झेड तिकिटाचे भाडे अंतराच्या टप्प्यांवर ठरते आणि त्यात कमी, मध्यम व जास्त असे तीन स्तर असतात. कोणता स्तर लागू होईल ते दोन कंपन्यांमधल्या करारावर ठरते. त्यामुळे शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मित्राला मिळाला तो दर तुम्हालाही मिळेल असे नाही. काही करार फक्त नोकरीतल्या लोकांपुरते असतात, निवृत्तांना त्यांत जागाच नसते.

कर आणि विमानतळ शुल्क मात्र जवळजवळ पूर्ण भरावे लागते, आणि काही कंपन्या वर सरचार्जही लावतात. छोट्या सेक्टरवर, म्हणजे कमी अंतराच्या उड्डाणावर, हे सगळे मिळून मूळ भाड्यापेक्षा जास्त होते. मग सामान्य प्रवाशांसाठीच्या सेलचे तिकीट, तेही जागा पक्की असलेले, थोड्याच फरकाने मिळते. सवलत आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असे नाही. आधी दोन्ही आकडे शेजारी मांडा.

तिकीट आणि लिस्टिंग या दोन पायऱ्या आहेत. तिकीट म्हणजे पैसे भरल्याची नोंद, लिस्टिंग म्हणजे अमुक तारखेच्या अमुक फ्लाइटच्या स्टँडबाय यादीत, म्हणजे जागा उरली तर घ्यायच्या लोकांच्या यादीत, नाव. काही पोर्टलवर दोन्ही एकदम होते, काही कंपन्यांकडे लिस्टिंग वेगळे करावे लागते. तिकीट आहे पण यादीत नाव नाही, अशा माणसाला काउंटरवर शांतपणे बाजूला उभे करतात. फ्लाइट चुकली किंवा बदलली तर लिस्टिंगही बदला. जायचे नसेल तर उड्डाणाआधी रद्द करा, कारण नो-शोबद्दल काही कंपन्या दंड लावतात किंवा परतावा नाकारतात. परतावा नेहमी ज्या कंपनीने तिकीट दिले तिच्याकडूनच मागायचा. तिकिटावरची वैधतेची तारीख पाहून ठेवा. झेड तिकिटे बरीच कमी मुदतीची असतात आणि परतीचा प्रवास लांबला की तीच आधी संपतात.

लोड कसा वाचायचा

विक्रीच्या संकेतस्थळावर ‘९ जागा’ दिसल्या म्हणजे नऊच जागा आहेत असे नव्हे. आरक्षण यंत्रणा बहुधा नऊपर्यंतच आकडा दाखवते. नऊ म्हणजे नऊ किंवा जास्त. सीट मॅपवरच्या रिकाम्या खुर्च्यांवर तर मुळीच विसंबू नका. पैसे वाचवायला पुष्कळ प्रवासी आगाऊ जागा निवडत नाहीत, त्यांच्या खुर्च्या नकाशावर शेवटपर्यंत मोकळ्या दिसतात. कामाचे आकडे चार: विमानातल्या एकूण जागा, बुकिंग, स्टँडबाय यादीतली माणसे आणि त्या यादीत तुमचा अंदाजे क्रमांक.

समजा विमान १८० जागांचे आहे, बुकिंग १७१ आणि यादीत १४ जण, तुम्ही अकरावे. उरतात नऊ. म्हणजे बुकिंगवाल्यांपैकी निदान दोघे आले नाहीत तरच तुमचा नंबर लागतो. हे घडते, पण सकाळचे एखादे उड्डाण रद्द झाले की त्याचे प्रवासी तुमच्या विमानावर येतात आणि सगळे गणित फिरते. म्हणून आदल्या रात्रीचा आकडा हा फक्त अंदाज. निघण्याच्या चार तास आधी पुन्हा पाहा.

गणित फिरण्याचे दुसरे कारण वजनाचे. उन्हाळ्याच्या दुपारी हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. उंचावरच्या विमानतळावर हेच वर्षभर जाणवते. लांब पल्ल्याला समोरून जोराचा वारा असेल तर इंधन जास्त भरावे लागते. मग विमानात खुर्च्या रिकाम्या असूनही स्टँडबायवाल्यांना घेत नाहीत. काउंटरवरचा माणूस खोटे बोलत नसतो.

यादीतला क्रम साधारण असा: ज्या कंपनीचे विमान, तिचे कामावर निघालेले कर्मचारी, मग तिचे इतर कर्मचारी आणि कुटुंबे, तिचे निवृत्त आणि शेवटी दुसऱ्या कंपन्यांचे लोक. निवृत्तांना नोकरीतल्यांच्या बरोबरीने धरायचे की मागे, हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. एका गटात काही ठिकाणी रुजू तारीख मोजतात, काही ठिकाणी चेक-इनची वेळ. दुसऱ्या कंपनीच्या विमानात तुमची तीस वर्षांची सिनिऑरिटी बहुधा मोजली जात नाही. तिथे चेक-इन उघडताच नाव लावणे हेच तुमच्या हातात असते.

दिवसाचे पहिले उड्डाण धरा. हुकले तर मागे आणखी दोन-तीन असतात. संध्याकाळच्या शेवटच्या विमानावर सगळे राहिलेले लोक जमतात. सुट्ट्यांच्या सुरुवातीला एका दिशेची विमाने भरतात आणि उलट दिशेची मोकळी जातात, शेवटच्या दोन दिवसांत हे बरोबर उलटते. जाताना मिळाली म्हणून येताना मिळेल असे समजू नका. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत अर्ध्याहून अधिक परतीच्याच असतात.

दोघे मिळून निघाल्यास

एकाच लिस्टिंगवर दोन नावे असतील आणि जागा एकच उरली असेल, तर काही ठिकाणी दोघांनाही वगळून मागच्या एकट्या माणसाला घेतात. वेगळे होऊन जायची तयारी असेल तर लिस्टिंग आधीच वेगवेगळे करा किंवा काउंटरवर तसे सांगा. कोण आधी जाणार हे घरी ठरवा, कारण गेटवर त्यासाठी अर्धा मिनिट मिळतो. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पासपोर्ट, औषधे, थोडे पैसे आणि घराची किल्ली असावी. किल्ल्या आणि औषधे एकाच पिशवीत असली की ती पिशवी नेमकी दुसऱ्या विमानात जाते.

शक्यतो सामान केबिनमध्येच मावेल एवढे ठेवा. चेक-इन केलेली बॅग तुम्हाला जागा न मिळाल्यास उतरवावी लागते, आणि ती परत हातात यायला तास-दीड तास जातो; तेवढ्यात पुढच्या विमानाचे काउंटर बंद होते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या तिकिटांवर बॅग शेवटच्या ठिकाणापर्यंत जाईल हे गृहीत धरू नका.

औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा निदान पाच दिवस जास्त घ्या, मूळ वेष्टनात, औषधाच्या मूळ नावासह लिहिलेल्या चिठ्ठीबरोबर. व्हीलचेअर हवी असेल तर ४८ तास आधी सांगा आणि नेमके सांगा: फक्त लांब चालता येत नाही, की जिनाही चढता येत नाही, की खुर्चीपर्यंत उचलून न्यावे लागते. तिन्हींची व्यवस्था वेगळी असते. फ्लाइट बदलली की ही विनंती नव्या लिस्टिंगवर आपोआप जात नाही, पुन्हा नोंदवावी लागते. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर नेणाऱ्यांकडून अनेक कंपन्या उड्डाणाच्या वेळेच्या दीडपट बॅटरी मागतात.

भरपाईच्या भरवशावर राहू नका. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम उशीर आणि रद्द उड्डाणांबद्दल भरपाई देतो, पण सर्वसामान्यांना न मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटावर प्रवास करणाऱ्यांना तो लागू नाही. जागा न मिळाल्याने झालेला खर्च प्रवास विमाही सहसा देत नाही. म्हणून हॉटेल रद्द करता येईल असेच घ्या. क्रूझ किंवा लग्नाला जात असाल तर दोन दिवस आधी पोहोचा. माइल्स, म्हणजे विमान कंपनीचे प्रवासाचे गुण, साठवले असतील तर परतीसाठी पक्की, रद्द करता येणारी एक जागा धरून ठेवा, आणि स्टँडबायमध्ये जागा मिळाल्यावर ती सोडा.

बातमीपत्रात काय असते

पहिल्या पानावर वेळापत्रक. विमानांचे उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होते, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या दोन तारखांच्या आसपास थेट उड्डाणे सुरू होतात आणि गुपचूप बंदही होतात. त्यानंतर एम्बार्गो, म्हणजे कोणती कंपनी कोणत्या तारखांना सवलतीची तिकिटे चालवून घेणार नाही.

मग कागदपत्रे. शेंगेन देशांच्या सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने युरोपीय संघाबाहेरच्या अल्पकालीन पाहुण्यांच्या बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवायला सुरुवात झाली. रांगा लांबल्या तर कनेक्शनला जादा वेळ लागतो. ब्रिटनमध्ये व्हिसा न लागणाऱ्यांनाही आता आगाऊ ऑनलाइन परवानगी लागते. स्टँडबाय प्रवाशाने यात एक गोष्ट जास्त करायची: पर्यायी मार्ग ज्या देशातून जातो, त्याचीही परवानगी किंवा ट्रान्झिट व्हिसा आधी काढून ठेवायचा. रात्री दहा वाजता मार्ग बदलायची वेळ आली तर तेव्हा तो निघत नाही. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून कमी राहिली की काही देश थांबवतात, हे जुनेच.

पॉवर बँक केबिनमध्येच न्यायची, चेक-इनच्या बॅगेत नाही. १०० वॅट-तासांपर्यंत सहसा अडचण नसते, १०० ते १६० साठी कंपनीची परवानगी लागते. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानच्या विमानाला आग लागल्यानंतर अनेक कंपन्यांनी पॉवर बँक वरच्या कपाटात ठेवण्यावर किंवा उड्डाणात वापरण्यावर बंदी घातली. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून वापर थांबवला. कंपनीगणिक फरक असल्याने आम्ही ही यादी दर अंकात देतो.

गाठीभेटी, आजारपण, निधन

निवृत्तांचा मेळावा ठरवताना यजमान मंडळींनी आमच्याशी आधी बोलावे. सुट्ट्यांच्या आठवड्यात मेळावा ठेवला की निम्मे लोक विमानतळावरच राहतात. ज्या शहराला दिवसाला अनेक कंपन्यांची उड्डाणे आहेत तेच शहर निवडा, मेळावा आठवड्याच्या मधल्या दिवशी ठेवा, आणि जागा न मिळाल्यास वर्गणी परत मिळेल असे आमंत्रणातच छापा. जेवणाचा आकडा स्टँडबायवाल्यांना वेगळे मोजूनच सांगावा. ‘नक्की येतो’ म्हणणाऱ्यांत तेही असतात.

निधनाची बातमी कुटुंबाच्या संमतीशिवाय आम्ही देत नाही. नाव, विभाग, नोकरीची वर्षे, तारीख एवढेच छापतो. कारण छापत नाही. कुटुंबाने पेन्शन विभाग आणि स्टाफ ट्रॅव्हल विभाग, दोघांनाही वेगळे कळवावे, एकाला सांगितलेले दुसऱ्याला पोहोचत नाही. मृत्यूच्या दाखल्याच्या पाच-सहा प्रती, विवाहाचा दाखला, कर्मचारी क्रमांक आणि ओळखपत्र जवळ ठेवा. न वापरलेल्या तिकिटांचा परतावा मागता येतो. जोडीदाराची सवलत काही कंपन्यांत आयुष्यभर राहते, काहींत ठरावीक वर्षे, आणि पुनर्विवाहानंतर बंद होऊ शकते.

सवलत गमावण्याचे नेहमीचे कारण वय नसते. नातेवाइकांना किंवा ओळखीच्यांना पास विकणे हे असते. तसे करू नका, आणि गेटवर आपल्या तिकिटाचा प्रकार मोठ्याने सांगू नका. कपड्यांचे नियम आता बरेच सैल झाले आहेत, तरी ज्या कंपनीने जाणार तिचे वाचून घ्या.

आम्ही पासवर्ड विचारत नाही आणि पेन्शनचे तपशील मागत नाही. आमच्या नावाने कोणी मागितले तर ते आम्ही नाही. पत्ता बदलला, मेळावा ठरला, कोणी दवाखान्यात आहे, असे काही कळवायचे असेल तर महिन्याच्या २० तारखेपर्यंत कळवा. पुढच्या अंकात येते. फोन करणार असाल तर कर्मचारी क्रमांक नको, फक्त कंपनी, निवृत्तीचे वर्ष आणि कुठून कुठे जायचे ते सांगा. पर्यायी मार्ग शोधायला तेवढे पुरते.